नवजात बाळाची आकडी: कांदा, घुटी आणि ‘मेंदू मंद करणारं’ औषध

नाशिकमधल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: नव्या बाळाला झटके येतातच, आपोआप थांबतात. कांदा हुंगवा, वेखंडाची घुटी चाटवा. दवाखान्यात फिटचं औषध सुरू झालं की आयुष्यभर सुटत नाही, बाळ मंद होतं. द्यायचंच असेल तर ‘नवीन’ औषध मागा.

‘झटके येतातच’ यात थोडं तथ्य आहे. प्रत्येक थरथर म्हणजे आकडी नव्हे. थरथरणारा हात हलकेच धरा. लगेच थांबला तर बहुधा नुसती थरथर, पण तीही साखर कमी झाल्याने होते, म्हणून तपासणी हवीच. आकडीत धरलेल्या हाताखालीही झटके चालू राहतात. शिवाय या वयात सगळं अंग झटकलं जाईलच असं नाही. नजर एका बाजूला खिळते, तोंड चघळल्यासारखं हलतं, पाय सायकल मारल्यासारखे फिरतात किंवा श्वास अडकून ओठ निळे पडतात. असं दिसलं की बाळाला कुशीवर वळवा, दुसऱ्या कुणाला तरी मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा आणि निघा. डॉक्टरांना तो फार उपयोगी पडतो.

‘आपोआप थांबतात’ हे मात्र धोकादायक आहे. बाहेरून झटके थांबले तरी मेंदूत आकडी चालू असू शकते; ती फक्त ईईजीवर, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींच्या आलेखावर, दिसते. जन्मताना गुदमरणं, मेंदूत रक्तस्राव, जंतुसंसर्ग, साखर किंवा कॅल्शियम कमी होणं, अशी तिची कारणं. कांद्याचा वास यातल्या एकावरही चालत नाही. घुटी तर देऊच नका: त्या वेळी बाळाला गिळता येत नाही, थेंब फुप्फुसात जातो. घुटीत मध असेल तर बॉट्युलिझमचा, म्हणजे स्नायू लुळे पाडणाऱ्या जिवाणूच्या विषबाधेचा, धोका वेगळाच.

दवाखान्यात आधी श्वास सांभाळतात आणि टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन साखर बघतात. कमी असेल तर १० टक्के डेक्स्ट्रोज (साखरेचं द्रावण), किलोला २ मिली, शिरेतून. कॅल्शियम द्यावं लागलं तर हळूहळू, हृदयाच्या ठोक्यांवर नजर ठेवून. ते शिरेबाहेर गळलं तर कातडी जळते. तरीही आकडी राहिली तर फेनोबार्बिटोन हे फिटचं जुनं औषध, किलोला २० मिलीग्रॅम. ३ किलोच्या बाळाला ६० मिलीग्रॅम. २०० मिलीग्रॅमची १ मिलीची अँप्युल सलाइनने १० मिली केली की हा डोस ३ मिली होतो. सिरिंज पंपावर तासाला ९ मिलीचा वेग लावला की २० मिनिटांत जातो. घाईने दिलं तर श्वास मंदावतो, रक्तदाब उतरतो. चूक होते ती बहुतेक इथे: पातळ न करता ०.३ मिली मोजताना किंवा घाईत ढकलताना. आकडी थांबली नाही तर आणखी डोस देता येतो, एकूण ४० मिलीग्रॅम प्रतिकिलोपर्यंत.

‘मंद होतं’ ही भीती हवेतून आलेली नाही. प्राण्यांच्या पिल्लांवरच्या प्रयोगांत या औषधाने मेंदूच्या पेशींना इजा झालेली दिसली आहे. पण न थांबणारी आकडीही मेंदूला इजा करते. म्हणून उत्तर आहे वेळेवर बंद करणं. तात्पुरत्या कारणाने आलेली आकडी थांबली की घरी सोडण्याआधीच औषध बंद करावं, अशी आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेची २०२३ ची शिफारस आहे. आयुष्यभराचा प्रश्न येतो तो मेंदूची रचना किंवा जनुकांत दोष असणाऱ्या मोजक्या बाळांचा. घरी सिरप दिलंच तर चमच्याने मोजू नका, सिरिंजने मोजा. बाटली बदलली की ५ मिलीत किती मिलीग्रॅम ते वाचा. आणि मनाने अचानक बंद करू नका.

‘नवीन’ म्हणजे लेव्हेटिरासिटाम. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २४ तास आकडीमुक्त राहिलेली बाळं फेनोबार्बिटोनच्या गटात ८० टक्के होती, लेव्हेटिरासिटामच्या गटात २८. दुष्परिणाम जुन्या औषधाचे जास्त होते, पण आकडी थांबवण्यात तेच पुढे.

सुरगाणा, पेठकडून नाशिकला यायला वेळ लागतो. १०८ ला फोन करा आणि जवळच्या ग्रामीण रुग्णालयात आधी साखर बघून घ्या, मग पुढे निघा. वाटेत बाळाला टोपडं घालून आईच्या उघड्या छातीशी धरा, वरून पांघरूण. गारठलं तर साखर आणखी उतरते. नाक-तोंड मोकळं ठेवा. आकडी चालू असताना तोंडात काही घालू नका, दूधसुद्धा नाही. सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे उपचार आणि वाहन जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत आहे, तेव्हा पैशांची जमवाजमव होईपर्यंत घरी थांबू नका.