701 हा आकडा खरा, त्याला चिकटवलेला अर्थ खोटा

दर काही महिन्यांनी हा मजकूर फिरतो: ‘अमेरिकी हवाई दलाने 12,618 उडत्या तबकड्यांची चौकशी केली. त्यातल्या 701 परग्रहावरच्या असल्याचे मान्य केले आणि 1969 मध्ये प्रकल्प गुंडाळून कागद दडपले.’ या प्रकल्पाचे नाव ब्लू बुक. आकडे बरोबर आहेत, सालही बरोबर आहे. बाकीचे, आणि त्याच्या समर्थनार्थ केले जाणारे इतर दावे, मात्र एकेक करून तपासावे लागतात.

‘701 मान्य केल्या.’ नाही. ओहायोतल्या राइट-पॅटरसन तळावर येणारे अहवाल, आणि त्यांत बरेचसे सामान्य नागरिकांचे, तीन गटांत पडत: ओळख पटलेले, माहिती अपुरी असलेले आणि अनोळखी. लागणारी माहिती वरकरणी पुरेशी आहे, पण वर्णन कोणत्याच माहीत वस्तूशी जुळत नाही, अशा अहवालावर ‘अनोळखी’ असा शेरा बसे. हे प्रमाण साडेपाच टक्के. त्याच प्रकल्पाअखेर हवाई दलाने तीन निष्कर्ष जाहीर केले: राष्ट्रीय सुरक्षेला धोका आढळला नाही, आजच्या विज्ञानापलीकडचे तंत्रज्ञान दिसले नाही आणि या वस्तू परग्रहावरच्या असल्याचा पुरावा नाही. फिरणाऱ्या मजकुरात तिसरा निष्कर्ष कधीच नसतो.

‘साक्षीदारांनी आकार आणि वेग सांगितला होता.’ इथे जरा थांबायला हवे, कारण सगळी गफलत इथेच होते. हवाई दलाच्या प्रश्नावलीत विचारलेले असे: हात लांब करून धरलेल्या कोणत्या वस्तूएवढी ती दिसली? टाचणीचे डोके, वाटाणा, नाणे, बेसबॉल? प्रश्न शहाणपणाचा आहे. आकाशातल्या वस्तूचा फक्त कोन डोळ्याला कळतो, अंतर कळत नाही. सुमारे 65 सेंटिमीटरवर धरलेला 6 मिलिमीटरचा वाटाणा अर्धा अंश व्यापतो, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राएवढा. अर्ध्या अंशाची वस्तू 1 किलोमीटरवर असेल तर ती साधारण 9 मीटरची, 100 किलोमीटरवर असेल तर 870 मीटरची. वेगाचेही तेच. सेकंदाला एक अंश सरकणारा दिवा 1 किलोमीटरवर असेल तर ताशी 63 किलोमीटर, 300 किलोमीटरवर असेल तर ताशी जवळपास 19,000 किलोमीटर. अंतर चुकले की पुढचे सगळे चुकते, आणि साक्षीदार अगदी प्रामाणिक असला तरी चुकते.

‘अनेकांनी एकच यान पाहिले, खिडक्यासुद्धा पाहिल्या.’ याची परीक्षा 3 मार्च 1968 च्या रात्री आपोआप झाली. सोव्हिएत अंतराळयान झोंड-4 च्या प्रक्षेपणातले रॉकेटचे अवशेष अमेरिकेच्या पूर्व भागावर वातावरणात शिरून जळाले. उत्तर माहीत असलेली ही घटना, म्हणून ती मोलाची. पुष्कळांनी जे होते तेच लिहिले: जळत जाणारे तुकडे. पण टेनेसीतून आलेल्या एका वर्णनात जाड सिगारच्या आकाराचे यान होते आणि त्याच्या बाजूला चौकोनी खिडक्या होत्या. ओहायोतल्या एका बाईंना दुर्बिणीतून उलट्या बशांसारख्या तीन वस्तू दिसल्या. सुटे दिवे एकाच दिशेने, एकाच वेगाने सरकले की मन त्यांच्याभोवती काळे धड भरून काढते आणि दिव्यांच्या खिडक्या होतात. कोलोराडो विद्यापीठाने हवाई दलासाठी केलेल्या, एडवर्ड काँडन यांच्या नेतृत्वाखालील अभ्यासात ही घटना सविस्तर मांडली आहे. त्या रात्रीचा उलगडा झाला नसता तर टेनेसीचा अहवाल आज ‘भक्कम पुरावा’ म्हणून फिरला असता.

‘त्यांचाच शास्त्रज्ञ हायनेक उलटला.’ यात तथ्य आहे आणि ते झाकू नये. खगोलशास्त्रज्ञ जे. ॲलन हायनेक सुमारे दोन दशके हवाई दलाचे या विषयावरचे सल्लागार होते. पुढे त्यांनी ब्लू बुकवर सडकून टीका केली: माणसे अपुरी, तपास वरवरचा, ‘शक्यतो विमान’ हा अंदाज पुढे थेट ‘विमान’ होऊन मोजला जाई. टीका रास्त होती. पण तिचा रोख तपासाच्या दर्जावर होता. शिवाय तपास कच्चा असेल तर ओळख पटलेल्यांचा आकडा जितका डळमळीत, तितकाच 701 सुद्धा. एकावर अविश्वास आणि दुसऱ्यावर श्रद्धा, हे चालणार नाही.

‘कागद दडपले.’ 1976 पासून ते अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, 94 मायक्रोफिल्म रिळांवर, साक्षीदारांची नावे काढून. प्रकरणांसोबत नोंदपत्र असते आणि त्यावर तारीख, ठिकाण, किती वेळ दिसले, दिशा, छायाचित्र, भौतिक पुरावा आणि शेवटी निष्कर्ष असे रकाने असतात. कोणी 701 पैकी एखादे प्रकरण पुढे केले तर तारीख आणि गाव विचारून घ्या, आणि निष्कर्षाआधी छायाचित्र व भौतिक पुरावा हे दोन रकाने वाचा.