आत्या, एफडी मोडू नकोस

सकाळी सहाला आत्याचा फोन. "अरे, गंगा आटायला लागली म्हणे. एफडी मोडते आणि यंदाच गंगोत्री करून येते." पाठोपाठ तो मेसेजही आला. त्यातलं म्हणणं असं: हरिद्वारला गंगा कोरडी पडली (सोबत फोटो), 2035 पर्यंत हिमालयातला बर्फ संपणार असं संयुक्त राष्ट्रांनीच सांगितलंय, गंगेचं 90 टक्के पाणी हिमनद्यांचं, म्हणून तीही संपणार, आणि हा सृष्टीचा नियम, माणसाच्या हातात काही नाही.

फोटो खरा आहे, हीच तर गंमत. हर की पौडीवर आपण डुबकी मारतो ते पाणी कालव्यासाठी वळवलेलं असतं. अप्पर गंगा कालवा 1854 साली सुरू झाला. दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास गाळ काढायला आणि डागडुजीला तो बंद ठेवतात. तिकडे त्याला गंगाबंदी म्हणतात. मी एकदा नेमका तेव्हाच पोचलो होतो. पायऱ्यांखाली नुसते गोटे नि शेवाळ, आणि डबक्यांत चाळणी घेऊन नाणी शोधणारी पोरं. एकाने तर दोरीला लोहचुंबक बांधलं होतं. पलीकडे नीलधारेत, म्हणजे मूळ पात्रात, नदी आपली वाहत होती. 2024 च्या बंदीत तळातले जुने रूळ उघडे पडले आणि त्याचे फोटो देशभर फिरले. मेसेजमधला फोटो त्यातलाच, रूळ दिसतायत की! दिवाळीनंतर पाणी परत आलं, ते कुणी फॉरवर्ड केलं नाही.

2035 चं भूत जुनंच. आयपीसीसी, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या 2007 च्या अहवालात ते घुसलं आणि जानेवारी 2010 मध्ये त्यांनीच चूक कबूल केली. साधा हिशेब करा: गंगोत्री हिमनदी सुमारे 30 किलोमीटर लांब, मागे सरकते वर्षाला वीसेक मीटर, म्हणजे या वेगाने दीडेक हजार वर्षं.

बरं, बर्फ वितळतोय हे मान्य. नुसती लांबी मोजून भागत नाही, जाडीही घटतेय. हिंदुकुश-हिमालयातल्या हिमनद्या 2011 ते 2020 मध्ये आधीच्या दशकापेक्षा 65 टक्के जास्त वेगाने आटल्या, असं काठमांडूच्या इसिमोड या पर्वत-अभ्यास संस्थेने 2023 मध्ये सांगितलं. सिंधूला तर याची खरीच धास्ती आहे.

पण गंगा पावसावर जगते. 'सायन्स' नियतकालिकातल्या 2010 च्या अभ्यासात, मैदानात निपजणाऱ्या पाण्याच्या तुलनेत वितळपाणी सिंधूत दीडपट, गंगेत जेमतेम 10 टक्के निघालं. वर डोंगरात वाटा जास्त, हे खरं. तरी 90 कुठून आणले?

आणि "माणसाच्या हातात काही नाही" हे वाचून डोकंच फिरलं. उन्हाळ्यात मैदानातली गंगा रोडावते ती कालवे आणि पंपांमुळे. पाऊस नसताना नदीला जमिनीखालून झरपाणी मिळतं. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांचा 2018 चा अभ्यास सांगतो की, 1970 च्या दशकात उपसा सुरू झाल्यापासून ते सुमारे 59 टक्के घटलंय. विहिरी उपसल्यावर ओढा आटतो, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला अभ्यासाविना कळतं. त्याच वर्षी केंद्र सरकारने किमान प्रवाहाची अधिसूचना काढली: उत्तर प्रदेशातल्या नरोऱ्याच्या बंधाऱ्याखाली पावसाळा सोडून सेकंदाला 24 घनमीटर पाणी सोडायचं. म्हणजे किती सोडायचं हे माणूसच ठरवतोय ना?

आत्या, गंगोत्रीला जरूर जा. देवळाची दारं अक्षय्य तृतीयेला उघडतात, तुझी एफडी त्याच्या महिनाभर आधी पिकतेय.