ओरडली का नाही, हे आधी मला विचारा

परवा आमच्या घरच्या ग्रुपवर भाचीच्या प्रवासावरून वाद झाला. ती पुण्यात शिकते. सुट्टीला साताऱ्याला घरी जायचं तर तिला पहाटेची एसटी सोयीची पडते, आणि एसटी म्हणजे स्वारगेट. तेवढा एक शब्द पुरला. कुणी म्हणालं, उजाडल्यावर निघ. कुणी म्हणालं, बाबांना न्यायला बोलव. आणि माझ्या आत्तेभावाने लिहिलं, "काही झालंच तर जोरात ओरडायचं. त्या मुलीसारखं गप्प राहायचं नाही."

ते वाचल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

ती मुलगी २५ फेब्रुवारी २०२५ ला पहाटे पावणेसहाच्या सुमारास स्वारगेटला फलटणच्या गाडीची वाट बघत उभी होती. तिच्या तक्रारीनुसार एक माणूस आला, ताई म्हणून बोलला, गाडी पलीकडे लागलीय म्हणाला आणि तिला बंद, अंधाऱ्या शिवशाहीपर्यंत घेऊन गेला आणि आत तिच्यावर बलात्कार केला. पोलीस ठाणं हाकेच्या अंतरावर. त्यानंतर काही दिवस महाराष्ट्र तिच्याच आवाजाची चौकशी करत बसला. झटापट झाली नाही म्हणून आजूबाजूच्या कुणाला कळलं नाही, अशा अर्थाचं विधान गृहराज्यमंत्र्यांनीही केलं. टीका झाल्यावर खुलासा आला आणि विषय संपला.

मी त्या आत्तेभावाला, म्हणजे दादाला, लिहिलं की इथे इंग्लंडमधल्या यॉर्कशरमध्ये असं बोलणं महागात पडतं. २०२१ मध्ये लंडनच्या रस्त्यावर एका पोलिसाने खोटी अटक दाखवून सारा एव्हरार्डला गाडीत घातलं आणि तिचा खून केला. त्यावर आमच्या शेजारच्या नॉर्थ यॉर्कशरचे पोलीस कमिशनर, म्हणजे निवडून आलेले, रेडिओवर म्हणाले की अटकेचे नियम बायकांनी माहीत करून घ्यायला हवेत. दोन आठवड्यांत त्यांना पद सोडावं लागलं. दादाचं उत्तर लगेच आलं : "म्हणजे तुमच्याकडे पोलीसच खून करतात. तू तिकडे बसून आम्हाला शिकवू नकोस."

हे वाक्य गेली सतरा वर्षं मी ऐकते आहे. महागाईवर बोलले तरी हेच, मराठी शाळांवर बोलले तरी हेच. जणू विमानात बसताना मी स्वारगेटवरचा माझा हक्क काउंटरवर जमा करून आले. त्याच फलाटावर कॉलेजची तीन वर्षं मी उभी राहिले आहे. आजीने ओढणीला लावून दिलेली पिन मुठीत धरून गर्दीतून चढले आहे. ती पिन मी कधी कुणाला टोचली नाही, हे मात्र आजीला कधी सांगितलं नाही.

इथलं सगळं सोन्याचं आहे असं मी म्हणत नाही. मी लीड्समधल्या हेडिंग्लीत राहते. १९७५ ते १९८० या काळात लीड्स आणि आसपास एका माणसाने तेरा बायका मारल्या. त्यातली शेवटची, विद्यापीठातली मुलगी, बसमधून उतरून याच हेडिंग्लीत घरी चालली होती. तेव्हा इथल्या पोलिसांचाही सल्ला तोच होता : बायकांनी रात्री घराबाहेर पडू नये. १२ नोव्हेंबर १९७७ च्या रात्री लीड्सच्या बायका मशाली घेऊन रस्त्यावर उतरल्या. खून पुरुष करतो तर घरात आम्ही का बसायचं, असं त्यांचं म्हणणं होतं.

आपल्याकडेही याच सुमाराला बायका रस्त्यावर उतरल्या होत्या, हे दादाला आठवत नाही. मथुरा प्रकरण. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत म्हणून सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडलं. १९७९ मध्ये चार कायदेतज्ज्ञांनी न्यायालयाला खुलं पत्र लिहिलं, त्यात वसुधा धागमवार होत्या. देशभर मोर्चे निघाले, १९८३ मध्ये कायदा बदलला. पुढे २०१३ मध्ये कायद्यातच लिहिलं गेलं की अंगाने प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती धरायची नाही. कायद्याला कळलेलं आमच्या ग्रुपला अजून कळलेलं नाही.

भीतीने माणूस गोठतो. हातपाय हलत नाहीत, घशातून आवाज फुटत नाही. हे ठरवून होत नाही. कुणाच्या बाबतीत होईल, हेही आधी सांगता येत नाही.

मी स्वतः दोन्ही केलं आहे. एकदा यॉर्कहून रात्रीच्या ट्रेनने येताना समोरच्या माणसाने गुडघा माझ्या गुडघ्याला लावून दाबला. मी पाय घेतला, त्याने परत लावला. मी फोन काढून रेल्वे पोलिसांच्या ६१०१६ या नंबरला मेसेज केला, डबा क्रमांक टाकला. लीड्सला फलाटावर दोन पोलीस उभे होते. मी त्यांना शांतपणे सगळं सांगितलं आणि बस पकडून घरी आले.

आणि त्याच वर्षी, इथून तासाभरावरच्या शहरात, मंडळाच्या गणपतीत, मसालेभाताची परात दोन्ही हातांत धरून मी स्वयंपाकघरातून येत होते. एका काकांनी कमरेवर हात ठेवला आणि तसाच ठेवला. "काय गं, बारीक झालीस." मी म्हणाले, "काका, जरा सरकता का, गरम आहे." मग पंगतीत त्यांना वाढलं. पानात लिंबाची फोडही ठेवली.

ट्रेनमध्ये मला गमवायला काही नव्हतं. त्या हॉलमध्ये माझं नाव नीट उच्चारणारी माणसं होती, पोटभर जेव म्हणणाऱ्या बायका होत्या, वर्षातून एकदा ऐकू येणारी आरती होती. ओरडले असते तर ते सगळं गेलं असतं, निदान मला तेव्हा तसं वाटलं. पुढच्या वर्षीही मी गेले. काकांपासून चार खुर्च्या लांब बसले.

म्हणून त्या "ताई"चं मला नवल वाटत नाही. आपल्या भाषेत, आपलं नातं लावून कुणी बोललं की सावधपणा आपोआप खाली ठेवला जातो. स्वारगेटला पहाटे चहावाले असतात, कंडक्टर असतात, प्रवासी असतात. त्यांतल्या एकाने "गाडी कुठली हवी? हे तुमच्या ओळखीचे आहेत का?" एवढं विचारावं. दादाने हा सल्ला ग्रुपवरच्या पुरुषांना द्यावा.

मी हे ग्रुपवर लिहिलं नाही. रात्री भाचीचा फोन आला. "मावशी, तू असतीस तर ओरडली असतीस?" मी तिला परातीचं सांगितलं. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने खोलीच्या दाराला कडी लावल्याचा आवाज आला, आणि ती बोलायला लागली.