फास्ट गाडीच्या वाऱ्याने लकवा मारत नाही, पडलेल्या माणसाला हात लावा

"रेल्वे तुमच्यापासून हे लपवतेय" अशा मथळ्याचा, वर लाल सायरनचे इमोजी लावलेला एक मेसेज सध्या मुंबईतल्या सोसायटीच्या, भिशीच्या, शाळेच्या जुन्या बॅचच्या, सगळ्या ग्रुपवर फिरतोय. इतके दिवस मी अंगठ्याने वर सरकवून मोकळा होत होतो, पण परवा तो आत्याकडून आला, खाली "बाळा, काळजी घे रे" असं लिहून. फोन केला तर कळलं की ती खरंच कानात कापसाचे बोळे घालून मुलुंडच्या प्लॅटफॉर्मवर जिन्याखाली उभी राहते आणि गाडी लागली की मग धावत येते. आत्या सत्तरीला आलीय, बीपीची गोळी चालू आहे आणि हिला आता गाडीपेक्षा गाडीच्या वाऱ्याची भीती! म्हणून लिहितोय.

ज्यांच्याकडे अजून पोचला नाही त्या भाग्यवानांसाठी थोडक्यात: न थांबणारी गाडी प्लॅटफॉर्मवरून गेली की व्हॅक्यूम तयार होतो आणि दहा फुटांवरचा माणूस आत खेचला जातो. ते प्रेशर कानातून शरीरात शिरतं, हृदय बंद पडतं किंवा लकवा मारतो. म्हणून कानात कापूस घाला. कुणी कोसळलं तर पंधरा मिनिटं हात लावू नका, पाणी देऊ नका, प्रेशर आपोआप बाहेर पडू द्या. गरोदर बाईने प्लॅटफॉर्मवर उभंच राहू नये. पुरावा काय, तर युद्धात तोफगोळा नुसता जवळून गेला तरी सैनिक मरायचे, फायटर जेटच्या आवाजाने माणसं मरतात हे "नासाने सिद्ध केलंय", मुंब्र्याला जे झालं ते याचमुळे, आणि मेट्रो ३ ला काचेचे दरवाजे लावलेत म्हणजे सरकारला सगळं माहीत आहे. शेवटी बुलेट ट्रेन. सही "वरिष्ठ हृदयरोगतज्ज्ञ", नाव नाही, गाव नाही.

क्रमाने जायची माझी इच्छा नाही. आधी तो पंधरा मिनिटांचा मुद्दा घेतो, कारण बाकीचं सगळं येडपटपणा म्हणून सोडता येईल पण हा जीव घेईल.

प्लॅटफॉर्मवर माणूस कोसळतो तो का? हार्ट बंद पडलं म्हणून, फिट आली म्हणून, शुगर उतरली म्हणून, मे महिन्यात ब्रिजवर चेंगरून निघाल्यावर चक्कर आली म्हणून, नाहीतर मेंदूत गुठळी अडकली किंवा रक्तस्राव झाला म्हणून. यातल्या एकाही गोष्टीत पंधरा मिनिटं बघत उभं राहणं हा इलाज नाही. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती कुणीच दाबली नाही तर वाचायची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घसरते, मग पंधराव्या मिनिटाला तुम्ही कुणाला हात लावणार? आणि लकव्याचं तर गणितच मांडलेलं आहे: मेंदूची मोठी रक्तवाहिनी तुंबली की मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात. गुणिले पंधरा करा. पावणेतीन कोटींच्या वर, "प्रेशर बाहेर पडायची" वाट बघत. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन मिळतं, पण ते लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्यात अँब्युलन्स, ट्रॅफिक, सीटी स्कॅन हे सगळं बसवायचं असतं. म्हणजे तोंड वाकडं झालंय, एक हात उचलत नाहीये, बोलणं अडखळतंय असं दिसलं की घड्याळात वेळ बघायची, १०८ लावायचा, स्टेशन मास्तरला गाठायचं, रेल्वेचा १३९ आहेच. माणूस बेशुद्ध आहे पण श्वास चालू आहे तर कुशीवर वळवा. श्वासच नाही तर छातीच्या मधोमध जोरात आणि भराभर दाबायला लागा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मदत येईपर्यंत.

पाणी देऊ नका एवढं मात्र मेसेजमध्ये बरोबर आहे, नाइलाजाने मान्य. पण त्याचं कारण प्रेशर नाही, लकव्यात किंवा बेशुद्धीत गिळता येत नाही आणि पाणी श्वासनलिकेत जातं.

लोकांना हे पटतं का, तर त्यांनी तसं बघितलेलं असतं. "अहो आमच्या समोर फास्ट गेली आणि दोन मिनिटांत माणूस पडला." अरे बाबांनो, मुंबईत माणूस कधीही पडू दे, त्याच्या आधीच्या दोन-चार मिनिटांत कुठली ना कुठली गाडी गेलेलीच असते! आपल्याकडे गाडी न जाता कोसळायचं म्हटलं तर रात्री दीड ते साडेतीनची वेळ गाठावी लागेल. आणि वाऱ्याने लकवा मारत असता तर दादर ते ठाणे दारात उभं राहून सगळा वारा तोंडावर घेणारी पोरं रोज गाडीतून स्ट्रेचरवर उतरली असती. रुळांवर काम करणारे ट्रॅकमन शेजारच्या लाइनवरून गाडी जाताना दोन हातांवर उभे असतात, रोज, वर्षानुवर्षं. त्यांचे जीव जातात ते गाडीखाली येऊन, वारा लागून नाही.

कानातल्या कापसाबद्दल एकच. प्लॅटफॉर्मवर तुम्हाला वाचवणाऱ्या दोन गोष्टी असतात, मोटरमनचा हॉर्न आणि "कृपया प्लॅटफॉर्मच्या कडेपासून दूर राहा" ही अनाउन्समेंट, आणि हा "तज्ज्ञ" तुम्हाला नेमक्या त्याच बंद करायला सांगतोय.

आता खेचलं जाण्याचं बघू, कारण यात थोडं खरं आहे आणि त्या थोड्यावरच अख्खा मेसेज उभा आहे. गाडी हवा ढकलत येते. तोंड समोरून गेलं की आधी हवेचा धक्का बाहेरच्या बाजूला बसतो, लगेच मागोमाग किंचित ओढ, आणि मग डब्यांबरोबर फरफटत येणारा वारा, जो गाडीच्या लांबीबरोबर वाढत जातो आणि शेवटचा डबा गेल्यावरही क्षणभर राहतो. हा वारा मुख्यतः गाडीच्या दिशेने वाहतो, गाडीच्या पोटात नाही. काठाजवळ तो ताशी ३६ किमी धरला तर उभ्या माणसावर साडेचार-पाच किलोचा जोर येतो. यात दहा फुटांवरचा कुणी खेचला जात नाही. पण काठावर एका पायावर, मान मोबाईलमध्ये, पाठीला सॅक, अशा माणसाचा तोल जायला तेवढा जोर पुरतो, हेही खरं. इंग्लंडमध्ये न थांबणाऱ्या गाडीच्या वाऱ्याने प्लॅटफॉर्मवरच्या बाबागाड्या सरकल्याच्या घटना तपास यंत्रणांनी नोंदवल्यात, आणि सपाट पॅसेंजर गाडीपेक्षा कंटेनरची मालगाडी यात वाईट, कारण तिच्या बोजड, खाचाखोचांच्या आकारामुळे हवा जास्त घुसळली जाते. म्हणून ती पिवळी पट्टी. तिच्या मागे उभे राहा, विषय संपला. दहा फूट नको, जिन्याखाली लपणं तर अजिबातच नको.

प्रेशर "शरीरात शिरतं" म्हणे. किती शिरतं ते बघू. ताशी १०० किमीने, म्हणजे फास्ट लोकलच्या वेगाने, जाणारी हवा समोरून थेट आदळली तर दाब पडतो साधारण ४६० पास्कल (पास्कल हे दाब मोजायचं एकक), आणि प्लॅटफॉर्मवर बाजूला उभ्या माणसाला त्याहून कमीच. आपल्या सगळ्यांवर हवेचा दाब कायम असतो तो १,०१,३२५ पास्कल. म्हणजे अर्धा टक्कासुद्धा नाही. टॉवरमध्ये लिफ्टने बारा-तेरा मजले चढलात की दाबात तेवढाच फरक पडतो, आणि कुणी लिफ्टमधून लकवा मारून बाहेर आलेलं मी तरी ऐकलं नाही. आता कुणीतरी हुशार म्हणेल की लिफ्टला अर्धा मिनिट लागतो आणि गाडी झटक्यात जाते. बरोबर, झटका महत्त्वाचा असतो. तर झटक्याचाच आकडा घ्या: स्फोटाच्या दाबाने कानाचा पडदा फाटायला लागतो तो ३५,००० पास्कलच्या आसपास. लोकलच्या पंचाहत्तर पट. फुप्फुसाला इजा व्हायला त्याच्याही कितीतरी पुढे जावं लागतं.

आणि नासा! या लोकांनी नासाचं नाव घेतलं नसतं तर मला इतका राग आला नसता. नासाची सॉनिक बूमवरची (विमान आवाजाच्या वेगापुढे गेलं की जमिनीवर ऐकू येणारा धमाका) माहितीपत्रिका सगळ्यांना वाचायला खुली आहे आणि तिच्यात बरोबर उलटं लिहिलंय. मोजलेली सगळ्यात जोरदार सॉनिक बूम होती चौरस फुटाला १४४ पौंड, ती केली एफ-४ विमानाने, आवाजाच्या वेगापेक्षा जरा जास्त वेगात, जमिनीपासून फक्त १०० फुटांवरून, आणि तिथे हजर असलेल्या संशोधकांना इजा झाली नाही. हा दाब पास्कलमध्ये काढला तर साधारण ६,९०० येतो, लोकलच्या पंधरा पट. विमान डोक्यावरून शंभर फुटांवर, माणसं ठणठणीत. त्याच पत्रिकेत कॉनकॉर्ड या सुपरसॉनिक प्रवासी विमानाची बूम दिलीय, १.९४ पौंड, म्हणजे शंभर पास्कलसुद्धा नाही. मेसेज लिहिणाऱ्याने नासा हा शब्द लिहिला आणि पुढचं वाचायचे कष्ट घेतले नाहीत, एवढंच.

वेगाने जाणाऱ्या वस्तूच्या हवेने कधीच कुणाला इजा झाली नाही असं मी म्हणत नाहीये, कारण ते खोटं होईल. रशियात चेल्याबिन्स्कला १५ फेब्रुवारी २०१३ ला झाली. साधारण वीस मीटरची उल्का, सेकंदाला १९ किमी वेगाने आली आणि जमिनीपासून तीसेक किलोमीटर वर फुटली. लोक लखलखाट बघायला खिडक्यांशी धावले, आणि दोनेक मिनिटांनी शॉकवेव्ह पोचली ती सगळी काचेची तावदानं घेऊनच. सुमारे १,५०० लोक जखमी झाले, बहुतेक काचांनी, आणि मेलं कुणीच नाही. सेकंदाला १९ किलोमीटर. आपली फास्ट लोकल सेकंदाला अठ्ठावीस मीटर जाते, तीही मोटरमनने खेचली तर.

तोफगोळ्याची गोष्ट खूप जुनी आहे. नेपोलियनच्या काळात डॉक्टरसुद्धा मानायचे की गोळ्याच्या वाऱ्याने माणूस मरतो, कारण अंगावर जखम दिसायची नाही आणि आतलं सगळं चेचलेलं असायचं. नेपोलियनचाच सर्जन लारे याने ते खोडून काढलं: वेग कमी झालेला गोळा अंगाला तिरका घासून जातो, कातडी ताणते पण फाटत नाही, आतली हाडं आणि अवयव मात्र चिरडतात. आणि टोपी उडाली, दंड उडाला तरी सैनिक जगले, मग वारा कुठे गेला होता? पहिल्या महायुद्धातला शेल शॉक, म्हणजे अंगावर जखम नसताना सैनिकांना सुटणारा कंप, बधिरपणा वगैरे, हा प्रकार मेसेजमध्ये याच्यातच घुसडलाय. १९१५ मध्ये मायर्स नावाच्या डॉक्टरने लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात हा शब्द वापरला, पण स्फोटाच्या जवळही न गेलेल्या सैनिकांना तोच त्रास होतोय हे त्यालाच पुढे दिसलं. शिवाय फुटणारा बॉम्ब आणि जवळून गेलेली वस्तू हे दोन वेगळे प्रकार आहेत, बॉम्बच्या दाबाने माणूस मरतो, त्यावर कुणाचा वाद नाही.

मुंब्र्याचं लिहिताना मात्र यांना लाज वाटायला हवी होती. ९ जून २०२५ ला सकाळच्या गर्दीत, वळणावर, समोरासमोरून जाणाऱ्या दोन लोकलच्या फूटबोर्डवर लटकलेली माणसं खाली पडली, ४ जण त्याच दिवशी गेले. ती लटकत होती कारण आत पाय ठेवायला जागा नव्हती. दोन गाड्या शेजारून गेल्या की हवेचा धक्का बसतो हे दारातल्या प्रत्येकाला माहीत आहे, पण बोटांच्या टोकावर लटकायची वेळ हवेने आणली का? सगळं "प्रेशर"वर ढकललं की गाड्या किती, डबे किती, दरवाजे कधी बंद होणार, हे विचारायचं कारणच उरत नाही. रेल्वे लपवतेय असं ओरडणारा मेसेज शेवटी रेल्वेलाच सोडवतोय, कमाल आहे.

बाकीचं पटापट. गरोदर बायकांबद्दल: बाळ पोटात पाण्याच्या पिशवीत असतं, अर्ध्या टक्क्याच्या दाबाने त्याला काही होत नाही. धोका आहे तो गर्दीतल्या कोपराचा आणि पडण्याचा, तेव्हा त्यांना जागा द्या, घाबरवू नका. मेट्रो ३ चे काचेचे दरवाजे माणूस रुळावर पडू नये आणि एसीची हवा बोगद्यात जाऊ नये म्हणून आहेत, बोगद्यात गाडी पिस्टनसारखी हवा ढकलते हे खरंय, पण दिल्लीच्या मेट्रोत कित्येक भुयारी स्टेशनांवर असे दरवाजे नाहीत आणि लोक रोज जातात.

बुलेट ट्रेनचं काय, तर ताशी ३२० किमीला हा दाब साडेचार हजार पास्कलच्या पुढे जातो, लोकलच्या दहा पट, म्हणजे तिथे प्रश्न खरा आहे आणि जपानी लोक त्याच्यावर १९६४ पासून काम करतायत. त्रास होतो तो मुख्यतः बोगद्यात: गाडी आत घुसली की दाबाची लाट पुढे पळते आणि दुसऱ्या तोंडातून धाडकन आवाज करत बाहेर पडते. त्यासाठी बोगद्याच्या तोंडाशी छिद्रं असलेले हूड बांधतात, आणि गाडीचं नाक लांब करतात, त्यांच्या ई-५ या बुलेट ट्रेनचं नाक १५ मीटरचं आहे. डबे हवाबंद असतात ते आत बसलेल्यांच्या कानांना दडे बसू नयेत म्हणून. बीकेसी ते शिळफाटा २१ किमीचा बोगदा आहे, त्यातला ७ किमी ठाण्याच्या खाडीखालून, आणि त्यात गाडी धावायला लागेल तेव्हा हाच प्रश्न इथेही सोडवलेला असावा लागेल. पण बीकेसीच्या भुयारातली गाडी मुलुंडच्या प्लॅटफॉर्मवर उभ्या असलेल्या बाईच्या कानात कशी शिरणार, ते त्या वरिष्ठ हृदयरोगतज्ज्ञांनीच सांगावं, जमलं तर नावानिशी.