मावशी ८ वरून ४ वर

टॅपिंग म्हणजे चेहऱ्यावरच्या आणि अंगावरच्या ठरावीक जागी बोटांनी टकटक करत मनातला ताण उतरवायची पद्धत. तिचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: "किती दिवसांत उतरतं?" दुसरा: "फुकट आहे ना?" दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. बोटं आपली, कपाळही आपलंच. पहिल्यावर मात्र मी उलट विचारतो, "नेमकं काय उतरवायचंय?" आणि तिथेच लोक नाराज होतात.

"टेन्शन आहे हो" हे उत्तर चालत नाही. "माझा स्वभावच तापट" हेही नाही. स्वभावावर टकटक करत बसलात तर पुढची दिवाळी येईल. चालतं ते असं: "परवा बारशाला मावशी सगळ्यांदेखत म्हणाली, 'अजून भाड्याच्याच घरात का रे तुम्ही?'" एक माणूस, एक वाक्य, एक जागा. ते आठवून छातीत किती धडधडतं, ते ० ते १० मध्ये सांगायचं. इथे आपली माणसं "सात-साडेसात" म्हणतात. घासाघीस नको, ८ धरा आणि कागदावर लिहा. न लिहिणारेच शेवटी "काही फरक नाही पडला" म्हणतात, कारण सुरुवातीला किती झोंबलं होतं ते झोंबायचं थांबल्यावर कुणालाच आठवत नाही.

आता कृती. तळहाताची करंगळीकडची मांसल कड दुसऱ्या हाताच्या बोटांनी ठोकत तीनदा म्हणायचं: "मावशीच्या बोलण्याने मला अपमान वाटतोय, तरीही मी स्वतःला मनापासून स्वीकारतो." अपमान लोक खणखणीत आवाजात सांगतात, स्वीकारायची वेळ आली की पुटपुटतात. जड जात असेल तर "तरी मी ठीक आहे" एवढंच म्हणा. मग दोन बोटांनी प्रत्येक जागी पाच-सात वेळा: भुवईचं नाकाकडचं टोक, डोळ्याच्या बाहेरच्या बाजूचं हाड, डोळ्याखालचं हाड, नाक आणि ओठ यांच्या मधली जागा, खालचा ओठ आणि हनुवटी यांच्यामधली खळी, गळ्याजवळच्या हाडाच्या किंचित खाली, काखेखाली चार इंचांवर आणि शेवटी डोक्यावरची टाळू. दर ठिकाणी "मावशीचं ते वाक्य" एवढीच आठवण द्यायची. चष्मा आधी काढा. जोर लावू नका. दुखलं की मन मावशीला सोडून हाडाकडे जातं.

अशी एक फेरी दीड-दोन मिनिटांची. पहिलीनंतर ६, दुसरीनंतर ४. सगळे खूश. तिसरीनंतर एकदम ८! "तरी म्हणत होतो, थोतांड आहे." थांबा. नीट विचारलं की कळतं, मावशी ४ वरच आहे. आता आठवलंय ते हे, की तिचं बोलणं ऐकून बायको हसली होती. ही वेगळी फाइल. तिला वेगळा आकडा, वेगळं वाक्य, वेगळ्या फेऱ्या. बायको २ वर येते न येते, तोच मावसभावाचा वाकडचा फ्लॅट डोकं वर काढतो. एका बारशाच्या तीन फाइली, म्हणजे वीस-पंचवीस मिनिटं गेलीच. उद्याच्या इंटरव्ह्यूची धाकधूक असेल तर कित्येकदा चार-पाच फेऱ्यांत भागतं. मावशी लहानपणापासूनच बोलत आली असेल तर रोज पंधरा मिनिटं आणि काही आठवडे धरून चाला.

ही पद्धत गॅरी क्रेग या अमेरिकन इंजिनिअरने १९९० च्या दशकात सुटसुटीत केली. त्याआधी रॉजर कॅलाहन हे मानसशास्त्रज्ञ प्रत्येक दुखण्याला बिंदूंचा निराळा क्रम लावत. क्रेगच्या मूळ कृतीत हाताची पाठ ठोकत डोळे खाली उजवीकडे, मग डावीकडे, मग गोल फिरवायचे, गाणं गुणगुणायचं आणि पाचपर्यंत मोजायचं, असाही भाग होता. घरात पाहुणे असताना तो गाळावा.

बिंदू एका रेषेने चुकला तर काय, या काळजीने अर्धमेले होणाऱ्यांसाठी २००३ चा एक प्रयोग सांगतो. उंचीला घाबरणारे ११९ विद्यार्थी घेतले. काहींनी नेमलेल्या बिंदूंवर ठोकलं, काहींनी भलत्याच जागी, काहींनी चक्क बाहुलीवर. तिन्ही गटांची भीती कमी झाली. ज्यांनी काहीच ठोकलं नाही त्यांची नाही. म्हणून हे बिंदू ज्यांवर असतात असं म्हणतात, त्या ऊर्जावाहिन्यांच्या नकाशावर मी वेळ घालवत नाही, मावशीचं वाक्य नेमकं पकडण्यावर घालवतो.

जुना मोठा आघात, अत्याचार किंवा अपघात असेल तर मात्र एकट्याने आरशासमोर बसू नये. तिथे प्रशिक्षित माणूस समोर हवा. चालू गोळ्या बंद करायच्या नाहीत. जीव नकोसा वाटत असेल तर टकटक बाजूला ठेवून १४४१६ ला, म्हणजे टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन करायचा.

उतरलं की नाही, हे पाहायची रीत साधी आहे: ते वाक्य मावशीच्याच हेलात मोठ्याने म्हणायचं. छातीत काही हललं नाही तर झालं. काही उत्साही मंडळी थेट मावशीलाच फोन लावतात. आकडा २ च्या खाली गेल्याशिवाय लावू नका, आणि लावलात तर घराचा विषय तिला काढू द्या.