फोन चार्ज आहे हो, पण टॉवरचं काय?

परवा रात्री वीज गेली. फोन ८२ टक्के, पॉवर बँक भरलेली, त्यामुळे मी निवांत. अडीच तासांनी आईला फोन लावायला गेलो तर रेंजच्या दांड्या एकेक करत गायब. लँडलाइनचा रिसीव्हर उचलला, तोही मुका. तेव्हा ट्यूब पेटली (घरातली नव्हे): हा फोन आता फायबरच्या डब्यावर चालतो आणि डबा चालतो भिंतीतल्या प्लगवर.

तांब्याच्या तारेचं तसं नव्हतं. एक्स्चेंजमधून ४८ व्होल्टची डीसी वीज त्याच तारेतून यायची आणि एक्स्चेंजला बॅटऱ्या असायच्या, जनरेटर असायचा. सगळीकडे काळोख असला तरी रिसीव्हर उचलला की डायलटोन हजर. फायबर वेगवान आहे, मान्य, पण त्याच्या काचेच्या धाग्यातून वीज येत नाही. तार बदलायला आलेल्या माणसाने वेगाचं तोंडभरून कौतुक केलं, हे काही बोलला नाही. मीही विचारलं नाही म्हणा.

टॉवरचीही तीच गत. काही तास बॅटरी, पुढे असलंच तर डिझेल. आणि रस्ते पाण्याखाली असताना डिझेल पोहोचवणार कोण? २८ एप्रिल २०२५ ला स्पेन-पोर्तुगालमध्ये भरदुपारी वीज गेली आणि जसजसे तास सरले तसतसं मोबाइल नेटवर्कही ढेपाळलं. लोक सेलवरच्या रेडिओभोवती जमले होते.

२००५ च्या कतरिना वादळानंतर अमेरिकेत टॉवरला ८ तासांचा बॅकअप सक्तीचा करायचं ठरलं. कंपन्या कोर्टात गेल्या आणि तो नियम कधी लागूच झाला नाही. पुढे २०२० मध्ये कॅलिफोर्नियाने वणव्याचा धोका असलेल्या भागांसाठी ७२ तासांची अट घातली. म्हणजे मनात आणलं तर जमतं. माझं म्हणणं तर याहून साधं आहे: तुमचा टॉवर विजेविना किती तास तग धरेल, तो आकडा बिलावर छापा. डेटा किती जीबी हे छापताच ना?

तोवर मी फायबरच्या डब्याला एक छोटा यूपीएस जोडलाय. रेंज नसली की फोन फ्लाइट मोडवर टाकतो, नाहीतर टॉवर शोधण्यातच बॅटरी संपते. आणि कॉल लागत नसेल तर साधा एसएमएस. गर्दीतूनही तो बऱ्याचदा निसटून पोहोचतो.

कस्टमर केअरलाही विचारलं, वीज गेल्यावर टॉवर किती तास चालतो? सात मिनिटं होल्डवर ठेवून उत्तर आलं, "सर, आपली सेवा चोवीस तास सुरू असते."