ऑइलची पट्टी

भाच्याने परवा सेकंड हँड बाइक घेतली. २००९ ची, शंभर सीसी, अठरा हजारांत. खोली हडपसरला, कॉलेज वाघोलीला, म्हणजे गाडीवाचून भागणारच नव्हतं. घ्यायच्या आधी फोटो पाठवून त्याने विचारलं, "मामा, पंधरा वर्षांच्या वरची गाडी आहे, रजिस्ट्रेशन रिन्यू केलंय. पण इंजिन किती टिकेल?"

फोनवर त्याला थोडक्यात सांगितलं. पण हा प्रश्न मला दर दोन-तीन महिन्यांनी कोणी ना कोणी विचारतं, म्हणून आज सविस्तर लिहितोय. माझं मत स्पष्ट आहे. या लहान गाड्यांची इंजिनं वयामुळे फारशी जात नाहीत. ऑइलवाचून जातात, आणि ते ऑइल बघायचं काम मालकाचं असतं. हे मी एक इंजिन स्वतःच्या हाताने घालवून शिकलोय.

आमच्या आण्णांनी २००४ साली शंभर सीसीची फोर स्ट्रोक घेतली. पुरंदरातलं गाव, अंजिराची बाग. पहाटे पाट्या बांधून सासवडच्या बाजारात न्यायच्या, येताना पेंडीचं पोतं आणायचं. गाडीने कधी एका माणसाचं वजन वाहिलं नाही, कायम दोन-अडीच माणसांचं. किलोमीटरची केबल दुसऱ्याच वर्षी तुटली ती पुन्हा कधी बसवली नाही. त्यामुळे आण्णांनी स्वतःची पद्धत काढली. अंजिराच्या खट्ट्या बहाराच्या आधी एकदा ऑइल बदलायचं, मिठ्या बहाराच्या आधी एकदा आणि पावसाळा संपताना एकदा. बदललं की गोठ्याच्या भिंतीवर गेरूने तारीख लिहायची. तेरा वर्षांत इंजिन खोललं गेलं नाही. क्लच प्लेटा बदलल्या, चेन-स्प्रॉकेट दोनदा, टायमिंग चेन एकदा. बस.

२०१७ ला आण्णांचे गुडघे किक मारायला नको म्हणू लागले. त्यांनी स्कूटर घेतली आणि गाडी मी पुण्याला आणली. हडपसर ते खराडी, रोज जाऊन येऊन. चौदा महिन्यांत मी ऑइल बदललं एकदा. इंजिनातलं ऑइल किती आहे ते मोजायची पट्टी काढून बघितली किती वेळा? एकदाही नाही.

मे महिन्यात एका शनिवारी दुपारी गावाला निघालो. मागे बायको, मांडीवर बॅग, टाकीवर दुसरी बॅग. वडकी सोडली, दिवे घाट लागला. दुसऱ्या वळणापासून इंजिनाच्या डोक्याकडून, म्हणजे वरच्या हेडकडून, बारीक टकटक यायला लागली. मला वाटलं टॅपेट वाजतायत, सासवडला दाखवू. पुढे ॲक्सिलरेटर पिळला तरी गाडी ओढेना. दुसऱ्यावरून पहिल्यावर आलो. मस्तानी तलाव खाली दिसतो त्या वळणावर कर्र असा एक आवाज आला आणि इंजिन जागच्या जागी बसलं. किकवर पाय दिला तर दगडावर ठेवल्यासारखा. जरासुद्धा खाली जाईना.

अर्धा-पाऊण तास कठड्यापाशी बसलो. इंजिन गार झालं, किक सुटली, आणि मी खूश होऊन गाडी चालू केली. ही दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा मोठी. जेमतेम दोनशे मीटर गेली असेल, मागे पांढरानिळा लोट. मग टेम्पोत घालून सासवडला नेली.

मिस्त्रींनी खालचा बोल्ट काढला आणि ताटली धरली. ज्या इंजिनात लिटरभराच्या आसपास ऑइल हवं, त्यातून एक चहाचा कप भरेल एवढं निघालं. डांबरासारखं. मग ब्लॉक उतरवून त्यांनी पिस्टन पेपरवर ठेवला. एका बाजूने वरपासून खालपर्यंत उभे ओरखडे, मध्येच वितळल्यासारखा चकचकीत पट्टा, आणि रिंगा खाचेत गच्च चिकटलेल्या. बोटाने दाबली तरी हलेना. हेडमधला, व्हॉल्व उघडणारा कॅम माझ्या हातात देऊन ते म्हणाले, "नख फिरवून बघा." नख अडकत होतं. "तुम्ही परत चालू केली नसती तर हेड वाचलं असतं," एवढंच बोलले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला जास्त लागलं.

आत नेमकं काय होतं ते समजून घ्या, कारण एकदा समजलं की माणूस विसरत नाही. पिस्टन ॲल्युमिनियमचा आणि तो ज्यात चालतो ती स्लीव्ह बिडाची. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट फुगतं. दोघांतली फट वहीच्या कागदाच्या जाडीहूनही कमी, आणि त्या फटीत ऑइलचा थर. हे इंजिन गार होतं फक्त समोरून येणाऱ्या वाऱ्यावर आणि आतल्या ऑइलवर. मे महिन्यात, डबलसीट, पहिल्या गिअरवर घाट चढताना वारा जवळजवळ नसतोच. मग सगळा भार ऑइलवर येतो. ते कपभर असेल तर पंपाने वर हेडपर्यंत पुरेसं पोचत नाही. म्हणून आधी डोकं टकटकतं, मग पिस्टन धरतो. टकटक ऐकल्याबरोबर मी थांबलो असतो तर काही शे रुपयांत भागलं असतं. ब्लॉकचं बोरिंग, पिस्टन-रिंगा, कॅम, हेडचं काम धरून साडेसहा हजार गेले.

गाडीखाली तेलाचा एक थेंब कधी दिसला नव्हता, मग ऑइल गेलं कुठे? जळालं. रिंगा झिजल्या की, व्हॉल्वची सील कडक झाली की प्रत्येक फेरीला थोडं थोडं जळतं. सकाळी चालू करताना एकदाच निळा धूर येऊन थांबला तर सीलकडे बघायचं, ॲक्सिलरेटर दिल्यावर येत राहिला तर रिंगांकडे. गाडी महिनोन्महिने आधी सांगत असते. फक्त कारसारखा ऑइलचा लाल दिवा या गाड्यांना नसतो. त्या दिव्याच्या जागी ती पट्टी आहे, आणि ती आपण काढली तरच बोलते.

माझ्या चुलत्यांची राजदूत होती. टू स्ट्रोक, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घालायचं. प्रत्येक वेळी पंपावर माप समोर धरून ते स्वतः बघायचे. दिवे घाट उतरताना ते मध्येच क्लच दाबून रेस द्यायचे. लहानपणी मला वाटायचं हौस आहे. नंतर कळलं, ॲक्सिलरेटर बंद ठेवून नुसतं गिअरवर उतरलं की पेट्रोल आत फारसं जात नाही, त्याच्यासोबत येणारं ऑइलही फारसं जात नाही, आणि फिरणारं इंजिन कोरडं पडतं. चुलत्यांचं शिक्षण चौथीपर्यंत, पण हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, कारण त्या गाडीने ऑइलची आठवण दर आठवड्याला करून दिली होती.

फोर स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमध्ये मिसळायचं नसतं, ते इंजिनात वेगळं असतं. तिने ती आठवण पुसली. १९८५ ला हिरो होंडाची सीडी १०० आली, धारुहेड्याच्या कारखान्यातून. होंडाच्या १९५८ च्या सुपर कब या गाडीच्या घराण्यातलं आडवं इंजिन, ९७.२ सीसी. जाहिरात होती 'फिल इट, शट इट, फरगेट इट'. तेव्हाच्या टू स्ट्रोकच्या तुलनेत तिचं मायलेज खरंच चकित करणारं होतं, आणि जाहिरात पेट्रोलच्या टाकीबद्दल होती. आपण मात्र ऑइलसुद्धा विसरायचं असा अर्थ घेतला. १९९४ ला स्प्लेंडर आली तीही त्याच घडणीच्या इंजिनाची. ही इंजिनं इतकी सोशिक निघाली की लोकांना त्यांचा गैरफायदा घ्यायची सवय लागली. निम्म्या ऑइलवर वर्षभर चालणं दुसरं कुठलं यंत्र सहन करेल?

आणखी काही गोष्टी बघून जीव तुटतो. पिकअप वाढतो म्हणून एअर फिल्टर काढून टाकणारी पोरं. आपल्याकडे उसाच्या हंगामात, मुरमाच्या रस्त्यांवर काय धूळ असते! ती धूळ सरळ आत जाते आणि सिलिंडरच्या बोअरला पॉलिश पेपर मारावा तसं काम करते. दुसरं, शिल्लक राहिलेलं कारचं ऑइल बाइकमध्ये ओतणं. या गाड्यांत क्लच आणि गिअर त्याच ऑइलमध्ये बुडालेले असतात. कारच्या ऑइलमधल्या घर्षण कमी करणाऱ्या घटकांनी क्लच घसरू शकतो. फोर टी (4T), म्हणजे फोर स्ट्रोक बाइकचं, असंच लिहिलेलं घ्या, आणि ग्रेड मॅन्युअलमध्ये असेल ती.

तिसरी गोष्ट माझ्या एका मित्राची. त्याने दुसऱ्या एका गॅरेजात ब्लॉक-पिस्टन किट टाकून घेतलं. खोका ओरिजिनलसारखा, आतला माल डुप्लिकेट. आठ महिन्यांत पुन्हा धूर. तिथे बिल मिळालं नव्हतं, त्यामुळे भांडायला हातात काहीच नाही. इंजिन काम करणार असाल तर जुने पार्ट परत मागा, नव्याचं बिल घ्या, आणि काम झाल्यावर निदान पहिले पाचशे किलोमीटर गाडीला जपून चालवा. नव्या रिंगा बसायला वेळ लागतो. दुसऱ्याच दिवशी डबलसीट महाबळेश्वर करणारे मी पाहिलेत.

आता इंजिन गेलं की सगळे पेट्रोलमधल्या इथेनॉलकडे बोट दाखवतात. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्या वीस टक्के इथेनॉलसाठी बनवलेल्या नाहीत, हे खरं. रबरी नळ्या, सील लवकर खराब होऊ शकतात, मिश्रण थोडं लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, आणि पावसाळाभर उभ्या ठेवलेल्या गाडीच्या टाकीत पाणी साठायचा धोका असतो. उभी ठेवणार असाल तर कार्ब्युरेटर रिकामा करा, नळ्या बघून बदला. पण सीज झालेलं, म्हणजे जाम बसलेलं इंजिन घेऊन कोणी इथेनॉलला शिव्या देऊ लागलं की मी आधी विचारतो, पट्टी शेवटची कधी काढली होती? उत्तर येत नाही.

भाच्याला मी जे करायला लावलं ते सांगतो. गाडी सकाळी, गार असताना बघायला जा. मालकाने आधीच चालू करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा. पहिल्या किकचा धूर बघ. दोन-तीन मिनिटं चालवून बंद कर, तेवढीच थांब, मग मेन स्टँडवर, सपाट जागेवर पट्टी काढ. साइड स्टँडवर घेतलेलं माप खोटं. पट्टी पुसून परत नुसती टेकवायची, या घडणीच्या इंजिनात ती पिळून बसवून मोजत नाहीत. मग दोन खुणांच्या मध्ये ऑइल आहे का ते बघ, आणि बोटावर घेऊन चोळ. कचकच लागली तर गाडी सोड.

त्याने तिथूनच फोटो पाठवला. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली, काळंकुट्ट, पण कचकच नाही. धूर नाही, टकटक नाही. मालक वीस हजार म्हणत होता, पट्टी बघून अठरावर आला. घरी न नेता पोराने गाडी थेट गॅरेजला नेली, ऑइल बदललं, एअर फिल्टर बदलला. रात्री त्याचा फोन आला, "मामा, खोलीच्या भिंतीवर लिहू देत नाही मालकीणबाई. कुठे लिहू?"

म्हटलं, साइड कव्हर उघड. आतल्या बाजूला जागा आहे.